कराचीच्या बोटीचा विडा

कस्टमच्या नोकरीत माल जप्त होतो आणि किस्से सुटतात! माल निदान गोदामात टाकता येतो, वर कुलूप, कुलपावर लाख. किस्से कुठे कोंडणार? ते आमच्याबरोबर गोदीच्या गेटातून बाहेर पडले, ठाकूरद्वारच्या आमच्या वाडीत येऊन राहिले, आणि मी रिटायर झालो तरी जेवणानंतर कुणी सुपारी कातरायला घेतली की एकेक करून बाहेर येतात. परवा पुतण्या म्हणाला, "काका, एकदा सगळे ओळीने सांगून टाका." ओळीने कसले सांगतोय! आठवतील तसे सांगतो. फक्त एक चांगला आहे, तो शेवटाला राखून ठेवलाय.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची वर्षं. बाहेर रोज मोर्चे, सभा, घोषणा. मुंबई कुणाची यावरून गिरगावात रान पेटलं होतं, आणि आम्ही गोदीत बसून देश कुठे संपतो ते राखत होतो. आमच्या शेडमधून आठवड्याला कराचीची बोट सुटायची. फाळणी होऊन बरीच वर्षं झाली तरी ती चालूच होती. तिकडून खजूर यायचा, सुकामेवा यायचा, सैंधव यायचं. इकडून काय जायचं? विड्याची पानं! वसईच्या मळ्यांतली. उत्तरेकडून कराचीला जाऊन राहिलेल्या मंडळींना पानाशिवाय जेवण पुरं झाल्यासारखं वाटत नसे. देश दोन झाले, पण तोंड तेच राहिलं ना!

ही पानं पाठवायचे वसईचे जनूभाऊ राऊत. अंगाने बारीक, डोक्यावर पांढरी टोपी, आवाज कधी चढलेला नाही. स्वतःचा पानमळा आणि भावकीतल्या चार घरांचे मळे, सगळ्यांची पानं त्यांच्याच नावावर जायची. करंडीत खाली केळीचं पान, वर ओलं गोणपाट, आत पानं गच्च लावलेली. आता मेख बघा. करंडी पूर्ण उपसली की पानाला वारा लागतो, कराचीला पोचेपर्यंत ते काळं पडतं. न उपसता सोडली, तर आत नोटांची पुडकी आहेत की चांदी, कुणाला ठाऊक? तपासला तर माल मेला, न तपासला तर देश बुडाला!

यावर तोड काढली होती शेखने. शेख माझा जुना जोडीदार, डोंगरीत वाढलेला, मराठी शाळेत शिकलेला. त्याची रीत अशी की रचलेल्या करंड्यांतली कुठलीही एक बोटाने दाखवायची. जनूभाऊंनी ती तळापर्यंत उघडायची, अगदी मधलं पान काढायचं आणि त्याच पानांचे विडे लावून शेडमधल्या सगळ्यांना द्यायचे. बोट कुठल्या करंडीवर पडेल ते जनूभाऊंनाही माहीत नसे, म्हणून लबाडीला जागा नव्हती. बाकीच्या करंड्या झाकलेल्या त्या झाकलेल्याच बोटीवर चढायच्या. या तपासणीला आम्ही 'चाखणी' म्हणायचो. शेख स्वतः मात्र बिनकाथाचा विडा खायचा. "कस्टमवाल्याचे दात लाल दिसले की लोक म्हणतात, बघा, खाल्लंन!"

फाळणीत शेखच्या बायकोचं सगळं माहेर कराचीला गेलं, काही वर्षांनी तोही गेला. आणि सरकारी नोकरीची गंमत बघा, तिथेही बंदरावर कस्टममध्येच लागला! आमच्या करंड्या आता तो उतरवून घ्यायचा. या टोकाला मी, त्या टोकाला शेख. जनूभाऊ दर बोटीला पहिल्या करंडीत अगदी वर एक बिनकाथाचा विडा ठेवायचे. त्यावर नाव नाही, पत्ता नाही. पोचायचा बरोबर.

*

मग आले करंदीकर साहेब.

मूळचे पुण्याचे, राहायला दादरला. शर्टाला कडक इस्त्री, मनगटावर स्विस घड्याळ. घड्याळ सासऱ्यांनी लग्नात दिलेलं, मागच्या बाजूला साहेबांचं पूर्ण नाव मराठीत कोरलेलं. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला उभं करून सांगितलं, "देशाची सीमा म्हणजे घराचा उंबरठा. उंबरठा ओलांडणारी टाचणीसुद्धा मला कळली पाहिजे!"

आणि पहिल्याच करंडीत त्यांना सापडला शेखचा विडा.

"हे काय?"

"विडा, साहेब," जनूभाऊ म्हणाले.

"पानं निर्यात करायचा परवाना आहे तुमच्याकडे. विड्याचा आहे का? यात चुना आहे, सुपारी आहे, लवंग आहे. जप्त करा!"

माझ्या आख्ख्या नोकरीतली ही सर्वांत लहान जप्ती. विडा टेबलावर ठेवला. आम्ही सगळे त्याच्याभोवती गंभीर चेहऱ्याने उभे. साहेब पंचनाम्याचा कागद शोधायला आत गेले आणि बाहेर येऊन बघतात तर टेबल रिकामं!

आमचा सावंत गाल फुगवून उभा. लालबागचा हा गडी, मूळचा मालवणी मुलखातला, कशाला भीक घालायचा नाही. कसाबसा घोट गिळून म्हणाला, "नाशवंत माल होता, साहेब. नियमाप्रमाणे तातडीने विल्हेवाट लावली!"

*

हसलो आम्ही, पण त्या दिवसापासून चाखणी बंद झाली. साहेबांच्या मते चाखणीचे ते विडे म्हणजे लाच. "एक करंडी बघायची आणि बाकीच्या देवाच्या भरवशावर सोडायच्या? सगळ्या उघडा!"

सगळ्या उघडल्या. जनूभाऊ ओलं फडकं घेऊन करंडीमागून करंडी झाकत फिरत होते. ती बोट गेली, तिच्यामागची गेली. दोन्ही वेळा तिकडे माल काळा होऊन पोचला. कराचीच्या व्यापाऱ्याने निरोप धाडला की तिसऱ्यांदा असं झालं तर पूर्व पाकिस्तानातून पान मागवीन, वसईचं नाव विसरा.

जनूभाऊ साहेबांपुढे उभे राहिले. "साहेब, सोनं झाकलं तर तुम्हाला संशय येतो, ते बरोबर आहे. पण पान उघडं टाकलं तर मरतं. पाच घरांचे मळे आहेत. वेल उपटून टाकले तर पुन्हा धरायला वर्षं जातात."

साहेब दुष्ट नव्हते, हे मी छातीवर हात ठेवून सांगेन. त्यांनी शेडच्या सावलीत जागा दिली, ओली गोणपाटं दिली, चार हमाल जास्त दिले. पण उघडणं काही सोडलं नाही. "राऊत, तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण माझा विश्वास म्हणजे नियम नव्हे."

मला साहेबांचा राग यायचा आणि त्यांचं चुकतंय कुठे तेही सांगता यायचं नाही!

*

असल्या नियमाला तोंडावर उत्तर दिलं ते एकाच माणसाने. म्हणजे बाईने. सावंतच्या आईने.

सावंतचं गाव बांद्याजवळ, आणि बायको केली पेडण्याची. तेव्हा पेडणं फिरंग्याच्या राज्यात! माणसं त्याच जातीची, भाषा तीच, जत्राही एकच, पण मध्ये नाका आणि नाक्यावर बंदूक. परवानगी काढून वऱ्हाड गेलं, लग्न लागलं, आणि परत येताना आपल्याच नाक्यावर अडलं. अंमलदाराने विचारलं, "नवरीच्या अंगावर सोनं किती? मोजावं लागेल."

सावंत स्वतः कस्टमचा माणूस. मुंडावळ्या बाजूला सारून हळूच म्हणाला, "आई, नियमच आसा गो."

म्हातारी गाडीतून उतरली आणि सुनेच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. "सुनेच्या गळ्यातला सोना मोजूचो मान सासवेचो! तुझ्या सरकारान कधी सून घरात हाडल्यान हा काय?"

अंमलदाराने सावंतकडे बघितलं, सावंतने आभाळाकडे. फाटक उघडलं.

सावंतने ही हकिकत शेडमध्ये रंगवून सांगितली. आम्ही पोट धरून हसत होतो आणि मागे करंदीकर साहेब कधी येऊन उभे राहिले ते कळलंच नाही. त्यांनी शांतपणे विचारलं, "पण सोनं शेवटी मोजलं की नाही?"

"मोजलं ना, साहेब! आईने. अजून रोज मोजते!"

साहेब पहिल्यांदा हसले ते तेव्हा.

*

आमच्या वाडीत माझे एक चुलते होते. सकाळी पेपर वाचून झाला की कठड्याला टेकून जगाचा कारभार बघायचे. एकदा मी घरी आलेला पाहून गरजले, "तुम्ही कस्टमवाले करता काय रे? पाकिस्तानातून एक कणही आत येऊ देऊ नका! बोट बंद करा!"

मी म्हटलं, "करतो. काकूंना सांगू का?"

"तिला काय सांगायचंय?"

"उद्या एकादशी. तुम्हाला उपासाला सैंधव लागतं. ते कराचीच्या बोटीने येतं."

चुलत्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. वाडी ऐकत होती.

"उद्याची बोट येऊ दे," ते म्हणाले. "परवापासून बघा!"

*

श्रावणात एक खोकं आलं. कराचीत तेव्हाही थोडी मराठी कुटुंबं उरली होती, आणि त्यांचा गणपती दर वर्षी लालबागच्या कारखान्यातून बोटीने जायचा. शाडूची मूर्ती, हातभर उंच, गवतात नीट बसवलेली.

साहेबांनी खोकं उघडायला लावलं. मूर्ती बघून आमचे हात आपोआप जोडले गेले. साहेबांनीही जोडले आणि मग विचारलं, "पोकळ आहे का?"

साहेबांनी खोक्यातलं गवत बाजूला सारलं.

"ठोकून बघितल्याशिवाय मला सही करता येणार नाही."

हमालांनी मान खाली घातली. सावंत म्हणाला, "साहेब, माझ्या हातून नाही व्हायचं. नोकरीवरून काढलंत तरी चालेल."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, टॅक्सी मागवली आणि निघून गेले. आम्हाला वाटलं, सुटला बाप्पा! बऱ्याच वेळाने टॅक्सी परत आली. आतून उतरले ते आंघोळ करून, रेशमी मुकटा नेसून, खांद्यावर उपरणं घेतलेले करंदीकर साहेब! अनवाणी पायांनी चालत शेडमध्ये आले. गोदीतले खलाशी तोंडात बोट घालून बघताहेत. साहेबांनी नमस्कार केला, पुटपुटत मूर्तीच्या पाठीवर, पोटावर हलकेच टिचक्या मारल्या, कान लावून ऐकलं आणि उठून सही केली.

सावंतला भरून आलं. धावत जाऊन नारळ घेऊन आला. "साहेब, बाप्पापुढे फोडू का?"

"जरूर फोडा," साहेब म्हणाले. "पण आधी हलवून बघा, आत काय आहे ते!"

*

आता राखून ठेवलेला.

तिसरी बोट. जनूभाऊंची शेवटची संधी. आणि नेमकी त्याच दिवशी संध्याकाळी संयुक्त महाराष्ट्राची मोठी सभा! लालबाग-परळची सगळी माणसं जाणार. दुपार झाली आणि हमालांचा मुकादम साहेबांपुढे आला. "साहेब, आम्ही निघतो. पगार कापा हवा तर. तुम्ही येता?"

"मी सरकारी नोकर आहे," साहेब म्हणाले. मग म्हणाले, "पण तुम्ही जा. उशीर करू नका."

घोषणा देत मंडळी गेली आणि शेड रिकामी झाली. आम्ही उरलो चौघे. साहेब, सावंत, मी आणि जनूभाऊ. पुढ्यात करंड्यांची रास. मला वाटलं, आज तरी एका करंडीवर भागेल. पण साहेबांनी बाह्या वर केल्या.

"सगळ्या बघायच्या. पण एक करंडीही वाऱ्यावर राहता कामा नये. मी हात घालतो, तुम्ही लगेच झाका."

काय काम केलं म्हणून सांगू त्या माणसाने! कोपरापर्यंत हात ओल्या पानांत घालायचे, तळ चाचपायचा, हात बाहेर, पुढची. घामाने इस्त्रीचं पाणी झालं. जनूभाऊ गोणपाट ओढत होते, सावंत दोर आवळत होता, मी शिक्का मारत होतो. एकही पान करंडीबाहेर आलं नाही. बोटीचा भोंगा वाजायच्या आत खलाशांनी शेवटची करंडी चढवली आणि जनूभाऊंनी कितीतरी दिवसांनी टोपी काढून कपाळ पुसलं.

बोट धक्क्यावरून सुटली. साहेब कागदावर सुटण्याची वेळ लिहायला बसले, मनगटाकडे पाहिलं आणि तसेच बसून राहिले.

मनगटावर घड्याळाच्या जागी नुसती पांढरी खूण!

भिजून पट्टा सुटला होता. घड्याळ करंडीत होतं. करंडी बोटीवर होती. आणि बोट खाडीच्या तोंडाशी लागली होती.

सावंतला आधी हसू फुटलं. मग त्याने जनूभाऊंचा चेहरा पाहिला आणि त्याचं हसू जागच्या जागी थांबलं. स्विस घड्याळ, पानांत दडवलेलं, जनूभाऊंच्या करंडीत. कराचीला ते सापडणार, चोरटा माल म्हणून नोंद होणार, तिकडचा परवाना गेला की इकडचाही गेला. पाचही घरं उघड्यावर, आणि तेही काही न करता.

साहेब उठून जनूभाऊंपुढे उभे राहिले. "राऊत, चूक माझी आहे. मी आत्ताच वरिष्ठांकडे जातो. माझी नोकरी गेली तरी बेहत्तर, तुमच्या नावाला बट्टा लागू देणार नाही."

जनूभाऊ म्हणाले, "साहेब, तुमचे वरिष्ठ इकडचे. घड्याळ तिकडे चाललंय."

साहेब तरी गेलेच. सगळं सांगून आले. वरून उत्तर आलं की तिकडून काय कळतंय ते बघू, तोवर थांबा. थांबण्यासारखी शिक्षा नाही! त्या आठवड्यात जनूभाऊ रोज वसईहून यायचे आणि शेडच्या दाराशी बसायचे. मळ्यात पानं तोडणीला आली होती. तोडावीत की वेलांवरच राहू द्यावीत, हे विचारायचं कुणाला? साहेब रोज दुपारी त्यांच्याजवळ येऊन उभे राहायचे. मला ते बघवायचं नाही.

बोट परत आली. माल उतरायच्या आधी तिचा सारंग, खलाशांचा म्होरक्या, खाली उतरला, थेट शेडमध्ये आला. "करंदीकर साहेब कोण?"

"मी."

सारंगाने खिशातून पांढऱ्या रुमालाची गाठोडी काढली. आत घड्याळ. टिकटिक चालू होती! पट्टा नवीन शिवलेला. "शेखसाहेबांनी दिलंय. म्हणाले, करंड्या उतरवताना हाताला लागलं, मालकाचं नाव मागे मराठीत आहे. वाटेत रोज चावी द्यायला सांगितली होती, ती दिली."

"नोंद?" साहेबांनी घड्याळाला हातही लावला नाही. "तिकडे नोंद काय केली?"

"कसली नोंद? पान उत्तम पोचलं. व्यापारी खूश आहे, पुढच्या बोटीला जास्त मागवलंय."

जनूभाऊ होते तिथेच खाली बसले आणि त्यांनी टोपीत तोंड लपवलं. सावंत माझ्याकडे बघेना, मी सावंतकडे बघेना.

थोड्या वेळाने सावंतने घड्याळात डोकावून पाहिलं. "साहेब, अर्धा तास मागे आहे. मध्ये बंद पडलं असणार."

"बंद नाही पडलं," साहेब म्हणाले. "कराचीची वेळ लावली आहे."

मग त्यांनी माझ्यापुढे घड्याळ ठेवलं. "तळपदे, याच्यावर ड्यूटी किती होते ते काढा."

"साहेब, तुमचंच घड्याळ आहे!"

"परदेशातून आलंय ना? मग काढा!"

भरली त्यांनी, आपल्या घड्याळावर! पावती घेऊन घडी करून खिशात ठेवली आणि सारंगाला विचारलं, "शेख आणखी काही म्हणाले?"

सारंग जरा घोटाळला. "म्हणजे, तुमच्यासाठी नाही. तळपदेसाहेबांना विचारायला सांगितलं होतं की आमचा विडा का बंद झाला?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

पुढच्या बोटीच्या दिवशी करंड्या येऊन रचल्या गेल्या. हमाल दोर सोडायला वाकले तसा साहेबांनी हात वर केला. राशीभोवती एक फेरी मारली, पुन्हा उलटी मारली आणि मधल्याच एका करंडीवर बोट ठेवलं. "ही. तळापर्यंत."

जनूभाऊंनी ती उघडली आणि अगदी मधलं पान काढून पुढे केलं. साहेबांनी ते उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिलं, मग खुर्ची ओढून जनूभाऊंच्या पानाच्या डब्यापुढे बसले. आयुष्यात कधी विडा खाल्लेला नव्हता, लावणं तर सोडाच. चुना बोटाला जास्त लागला, तो पुसला. सुपारी सांडली, ती वेचली. लवंग हातात घेतली आणि थांबले.

"तळपदे," खाली बघतच त्यांनी विचारलं, "तुमच्या शेखना काथ चालत नाही म्हणे. खरं का?"